सहा ठिपक्यांचा भुंगेरा आणि ॲटलास पतंग यांची तुलना कशी करावी?

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावातील मराठी प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या पडवीतील ट्यूबलाइटखाली भिंतीवर एक अजस्र पतंग बसलेला सापडला. मुलांनी त्याच्या पंखांचा विस्तार फूटपट्टीने मोजला, तो 23 सेंटीमीटर भरला. त्याच आठवड्यात स्वयंपाकखोलीमागची जळाऊ लाकडे हलवताना पांढऱ्या ठिपक्यांचा एक काळा भुंगेरा निघाला. ज्या मुलाने त्याला चिमटीत धरले, त्याच्या गालावर भुंगेऱ्याने काहीतरी उडवले आणि गाल दिवसभर चुरचुरत राहिला. आता मुलांना या दोघांची तुलना करणारा तक्ता वर्गात लावायचा आहे. मोठा कोण, ताकदवान कोण आणि विषारी कोण, असे तीन रकाने त्यांनी आखले आहेत. शिवाय गावातील वडीलधारी माणसे सांगतात, की पतंगाच्या पंखांवरची भुकटी डोळ्यांत गेली तर माणूस आंधळा होतो. हा तक्ता बरोबर कसा भरावा, असे गुरुजींनी विचारले आहे.

गुरुजी, मुलांनी आखलेले रकाने पुसू नका. मात्र त्या तिघांच्या आधी एक रकाना वाढवा आणि त्यावर लिहा: ‘मोठा झाल्यावर हा काय खातो?’ खानापूर तालुक्याच्या रानांत गेली सव्वीस वर्षे कीटकांच्या नोंदी घेताना माझी खात्री झाली आहे, की या दोन प्राण्यांमधील बहुतेक सगळे फरक या एका प्रश्नाच्या उत्तरातून निघतात. भुंगेरा मोठेपणी रोज शिकार करून रोज खातो. ॲटलास पतंग मोठेपणी काहीच खात नाही, कारण त्याला खाण्याजोगे तोंडच उरलेले नसते. एक जण रोजच्या कमाईवर जगतो, तर दुसरा बालपणी साठवलेल्या शिदोरीवर. पंख कसे आहेत, पाय कसे आहेत, मिशा कशासाठी आहेत, आयुष्य किती आहे आणि शत्रू आला तर काय करायचे, हे सगळे त्या एका गोष्टीला धरून ठरत जाते.

आधी ओळख पक्की करू. आपण पाठवलेल्या वर्णनावरून पतंग हा ॲटॅकस या प्रजातीतील आहे, यात मला शंका नाही. तांबूस तपकिरी रंग, चारही पंखांवर प्रत्येकी एक त्रिकोणी पारदर्शक खिडकी आणि पुढच्या पंखांची टोके सापाच्या डोक्यासारखी बाकदार, ही खूण दुसऱ्या कोणत्याही पतंगाशी जुळत नाही. सर्वसामान्यपणे त्याला ॲटलास पतंग म्हणतात आणि तो रेशीम देणाऱ्या रानपतंगांच्या सॅटर्निडी कुळात मोडतो. आपल्याकडच्या ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढणारा टसरचा पतंग आणि फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा चांद्र पतंग हे त्याचे सख्खे भाऊबंद. दर पावसाळ्यात कुठे ना कुठे ‘जगातील सर्वांत मोठा पतंग सापडला’ अशी बातमी येते, तेवढी मात्र तक्त्यावर लिहू नये. पंखांच्या लांबीचा मान अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील एका करड्या-पांढऱ्या पतंगाकडे जातो आणि पंखांच्या क्षेत्रफळाच्या बाबतीत ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीमधील हर्क्युलिस पतंग त्याच्या बरोबरीने उभा राहतो. ‘जगातील सर्वांत मोठ्या पतंगांपैकी एक’ हे शब्द खरे आहेत आणि तेवढे पुरेसे आहेत.

भुंगेरा म्हणजे अँथिया सेक्सगुट्टाटा. कॅराबिडी या कुळातील, म्हणजे जमिनीवर वावरणाऱ्या शिकारी भुंगेऱ्यांपैकी, आपल्या भागातील सर्वांत ठळक दिसणारी ही जात आहे. सुमारे चार सेंटीमीटर लांबीचे काळेभोर शरीर, मानेमागच्या ढालीवर दोन आणि पाठीवरच्या कडक कवचावर चार, असे सहा पांढरे ठिपके. नावातील ‘सेक्सगुट्टाटा’ या लॅटिन शब्दाचा अर्थच सहा ठिपक्यांचा असा आहे. आपल्या वर्गात कन्नड बोलणाऱ्या घरांतील मुले असतील, तर ती भुंगेऱ्याला ‘जीरुंडे’ म्हणतील. तक्त्यावर तोही शब्द लिहावा. पावसाच्या तोंडावर पालापाचोळ्यात काळ्या अंगावर सात पांढरे ठिपके असलेले एक झुरळही दिसते. अनेक अभ्यासकांच्या मते ते याच भुंगेऱ्याची नक्कल करते. म्हणून मुलांना ठिपके मोजायला लावा. सहा भरले आणि कवच कडक असेल तर भुंगेरा, सात भरले आणि अंग चपटे असेल तर झुरळ.

आता तोंडाकडे वळू, कारण मुद्दा तिथेच आहे.

काही वर्षांपूर्वी जूनमधील पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी कणकुंबीच्या अलीकडे एका बांधावर वाळवीचे पंखवाले कीटक जमिनीतून बाहेर पडत होते. त्या भोकापासून हातभर अंतरावर सहा ठिपक्यांचा एक भुंगेरा उभा होता. मी बॅटरीवर लाल कागद गुंडाळून ओणवा बसलो आणि पाऊण तास पाहत राहिलो. तो धावत गेला, एक वाळवी जबड्यांत पकडली, दोन पावले मागे सरला आणि जागच्या जागी तिचा चेंदा करू लागला. त्याचे जबडे कात्रीसारखे एकमेकांवरून जातात. चावता चावता तो तोंडातून पाचक रस त्या लगद्यात सोडतो, त्यामुळे अन्न पोटात जाण्याआधीच अर्धे पचलेले असते. पंख तेवढे खाली गळून पडले. लगेच दुसरी वाळवी, मग तिसरी. पंधरा मोजल्यावर मी मोजणे सोडले. त्याची चाल, थांबणे, मिशांनी जमीन चाचपणे आणि पुन्हा झेप घेणे, यांत एक क्षणही वाया जात नव्हता. रातकिडे, झुरळे, अळ्या, गोगलगाई, जे पेलेल ते या कुळातील भुंगेरे खातात. आपल्या शेतांच्या बांधांवरही त्यांचे लहान भाऊबंद पिकावरच्या अळ्या रात्रभर खात असतात आणि सकाळी ढेकळांखाली लपल्यामुळे त्यांचे श्रेय कोणी त्यांना देत नाही.

पतंगाच्या बाबतीत याच्या अगदी उलट चित्र आहे. शाळेच्या भिंतीवरचा पतंग पुन्हा सापडला, तर भिंगातून त्याच्या डोक्याची खालची बाजू मुलांना दाखवा. फुलपाखरांना असते तशी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड तिथे दिसणार नाही. तिचा नुसता अवशेष असतो आणि त्यातून काहीही आत जाऊ शकत नाही. कोषातून बाहेर पडल्यापासून मरेपर्यंत हा जीव अन्नाचा कण घेत नाही. त्याचे आयुष्य त्यामुळे आठवड्याचे, फार तर दोन आठवड्यांचे असते. ते सगळे सुरवंटाने खाऊन साठवलेल्या चरबीवर निभावते.

म्हणून पतंगाचे खाणे पाहायचे असेल, तर त्याचा सुरवंट पाहावा लागतो. माझ्या परिचयातील एका घराच्या परसात दालचिनीचे झाड आहे. एका ऑगस्टमध्ये त्या घरच्या आजींनी मला बोलावून सांगितले, की झाडाखाली मिरीसारखे काहीतरी पडते आणि रात्री पानांतून कुरकुर ऐकू येते. ती मिरी म्हणजे सुरवंटाची विष्ठा होती. झाडावर सात सुरवंट होते, प्रत्येक जण माणसाच्या अंगठ्याएवढा जाड, फिकट निळसर हिरवा, अंगावर मऊ काट्यांच्या रांगा आणि त्यांवर पिठासारखी पांढरी मेणकट पूड. पानाच्या कडेला तोंड लावून वरून खाली, वरून खाली असे ते पान कातरत होते आणि मधली शीर तेवढी उरत होती. पूर्ण वाढलेला सुरवंट अकरा-बारा सेंटीमीटरपर्यंत पोहोचतो. दालचिनीखेरीज पेरू आणि लिंबूवर्गातील झाडेही त्याला चालतात. आजींना झाडाची चिंता होती आणि ती रास्त होती, कारण दोन फांद्या पूर्ण उघड्या पडल्या होत्या. पण निरोगी झाड पावसाळ्यात ती पालवी पुन्हा धरते. त्यांनी सुरवंट राहू दिले आणि झाडानेही पालवी धरली.

हा सुरवंट महिना-सव्वा महिना खात राहतो, अनेकदा कात टाकतो आणि शेवटी पान अंगाभोवती ओढून तपकिरी रेशमाचा कोष विणतो. इथे एक बारकावा आहे आणि तो मला दर वेळी नव्याने थक्क करतो. सुरवंट कोष विणण्याआधी पानाचा देठ आणि फांदी यांना रेशमाने बांधून घेतो, म्हणजे पान वाळले तरी गळून पडत नाही आणि कोष फांदीला लोंबत राहतो. आपल्याकडे पाऊस संपल्यावर तयार झालेला कोष पुढच्या पावसाची वाट पाहत कोरडे महिने तसाच काढू शकतो. हवेत ओल असेल, तर महिन्याभरातही पतंग बाहेर येतो.

आयुष्याचा रकाना यावरून आपोआप भरतो. पतंगाच्या आयुष्याचा मोठा भाग खाणाऱ्या बालपणात आणि निद्रिस्त कोषात जातो. आपण ज्याला पतंग म्हणून ओळखतो, ती शेवटची काही दिवसांची अवस्था असते. जमिनीवरच्या भुंगेऱ्यांत तसे नसते. त्यांची अळी मातीत राहते, तीही शिकारीच असते, बहुतेक जातींत दोनदा कात टाकून ती मातीतच कोशावस्थेत जाते. त्यानंतर निघालेला भुंगेरा महिनोन्‌महिने जगतो, या कुळातील काही जातींचे भुंगेरे तर दोन-तीन वर्षेही. म्हणजे तुम्हाला लाकडांखाली सापडलेल्या भुंगेऱ्याने पडवीतील पतंगापेक्षा कितीतरी जास्त रात्री पाहिलेल्या असण्याची शक्यता आहे. मुलांना हे सांगितल्यावर ‘मोठा कोण’ या प्रश्नाचे उत्तर ती पुन्हा विचारात घेतील.

हे दोघे एकाच कुळातील का, असाही प्रश्न वर्गात येईल. दोघेही कीटक, दोघांनाही सहा पाय, आणि दोघांच्याही आयुष्यात अंडे, अळी, कोश व प्रौढ अशा चार अवस्था आहेत, इतके साम्य आहे. पण भुंगेऱ्यांची आणि फुलपाखरे-पतंगांची घराणी वेगळी होऊन सुमारे 30 कोटी वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लोटला आहे. भुंगेऱ्यांच्या जवळजवळ चार लाख जातींची नोंद झाली आहे, त्यांपैकी सुमारे 40,000 एकट्या कॅराबिडी कुळातील आहेत. पतंगाच्या सॅटर्निडी कुळात दोन हजारांहून थोड्या अधिक जाती आहेत. इतकी माहिती तक्त्याला पुरे.

शरीररचनेचा रकाना भरताना मात्र घाई करू नका. भुंगेऱ्याला पंखांच्या दोन जोड्या असायला हव्यात. पुढची जोडी कडक होऊन पाठीवरचे कवच बनली आहे, आणि सहा ठिपक्यांच्या या जातीत तर उडण्याची सोयच राहिलेली नाही. तो उडत नाही, धावतो. पाय लांब, बारीक आणि काटेरी आहेत. त्याला काचेच्या बाटलीत ठेवून खालून पाहिले, तर मागच्या पायाच्या मुळाशी शेंगदाण्याच्या अर्ध्या डाळीसारखा एक फुगीर तुकडा दिसेल. सगळ्या कॅराबिडी कुळाची ती खूण आहे आणि तज्ज्ञही प्रथम तिथेच पाहतात. रोज शिकारीमागे धावायचे असल्यामुळे शरीराची सगळी गुंतवणूक पाय आणि जबडे यांत आहे.

पतंगाची गुंतवणूक पंखांत आणि नराच्या बाबतीत मिशांत आहे. नराच्या मिशा दोन्ही बाजूंनी पिसासारख्या फुललेल्या असतात, मादीच्या त्यामानाने अरुंद. तुमच्या पडवीतील पतंग नर की मादी, हे मुलांना त्यावरूनच ठरवता येईल. मादीचे पोट जाडजूडही असते, कारण ते अंड्यांनी भरलेले असते. मादी कोषातून निघाल्यावर फारशी हलत नाही. ती त्याच परिसरात बसून पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतून कामगंध सोडते आणि नर त्या वासाच्या मागावर अंधारातून उडत येतो. फ्रान्समधील निरीक्षक झां-आंरी फाब्र यांनी एकोणिसाव्या शतकात याच कुळातील एक मादी जाळीखाली ठेवली होती, तेव्हा एका रात्रीत सुमारे चाळीस नर घरात शिरले. हा वास म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हे रसायनशास्त्राने सांगायला 1959 साल उजाडावे लागले. जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी त्यासाठी तुतीवरच्या रेशीमपतंगाच्या सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथी वापरल्या आणि त्यांतून काही मिलिग्रॅम पदार्थ हाती आला. कीटकांच्या कामगंधांपैकी रासायनिक ओळख पटलेला तो पहिला होय. हे सांगण्याचे कारण एवढेच, की ज्याच्याजवळ केवळ आठवड्याभराची शिदोरी आहे, त्याला जोडीदार शोधत भटकणे परवडत नाही. पिसासारख्या मिशा त्याचा वेळ वाचवतात. भुंगेऱ्याच्या मिशा मात्र साध्या, अकरा मण्यांच्या माळेसारख्या असतात. त्याला भक्ष्य हातभर अंतरावर शोधायचे असते आणि त्यासाठी त्याच्याजवळ पुष्कळ रात्री शिल्लक असतात.

आता ‘विषारी कोण’ हा रकाना, आणि इथे कृपया नीट लक्ष द्यावे, कारण हा मुलांच्या डोळ्यांचा प्रश्न आहे. सहा ठिपक्यांचा भुंगेरा दंश करून विष टोचत नाही. त्याच्या पोटाच्या मागच्या टोकाला ग्रंथींची एक जोडी असते आणि तिच्यातून तो तीव्र आम्लाची पिचकारी मारतो. त्या द्रावात फॉर्मिक आम्ल असते, म्हणजे मुंगी चावल्यावर जे आग करते तेच, पण पुष्कळ अधिक प्रमाणात. कातडीवर चुरचुर होते आणि ती जाते. डोळ्यात गेले, तर तीव्र वेदना होतात. असे झाल्यास डोळा चोळू द्यायचा नाही, स्वच्छ पाण्याची सतत धार पंधरा-वीस मिनिटे डोळ्यावर सोडायची आणि मुलाला लगेच डॉक्टरकडे न्यायचे. आपल्या विद्यार्थ्याच्या गालाऐवजी डोळ्यावर पिचकारी बसली असती, ही शक्यता खरी होती. या भुंगेऱ्याला चिमटीत धरायचे नाही आणि त्याच्यावर तोंड वाकवायचे नाही, हा नियम तक्त्याच्या वरच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहावा. ओढ्याकाठच्या ओल्या मातीत याच कुळातील आणखी एक, पिवळ्या-काळ्या रंगाचा लहान भुंगेरा सापडतो. तो पोटात दोन रसायने वेगवेगळी ठेवतो आणि धोक्याच्या क्षणी एकत्र करतो, तेव्हा ‘फट्’ असा आवाज होऊन जवळजवळ उकळत्या पाण्याइतका गरम वाफारा बाहेर पडतो. त्यालाही हात लावू नये.

पांढरे ठिपके हे या हत्याराचे जाहीर निवेदन आहे. काळ्यावर पांढरा रंग संधिप्रकाशातही दिसतो आणि ज्या पक्ष्याने किंवा सरड्याने एकदा पिचकारी खाल्ली, त्याला तो लक्षात राहतो. आफ्रिकेतील कालाहारीच्या वाळवंटात या भुंगेऱ्याचे जवळचे नातलग राहतात. तेथील एका सरड्याची पिल्ले काळी-पांढरी असतात आणि पाठीची कमान करून, पाय ताठ ठेवून भुंगेऱ्यासारखी चालतात. ती मोठी झाली, की रंग वाळूसारखा होतो आणि चालही इतर सरड्यांसारखी होते. हे निरीक्षण 1977 मध्ये प्रसिद्ध झाले. भुंगेऱ्याच्या पिचकारीचा दरारा किती, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

पतंगाबाबत गावातील समज चुकीचा आहे आणि तो वडीलधाऱ्यांचा मान राखून पण स्पष्टपणे सांगावा. पंखांवरची भुकटी म्हणजे एकमेकांवर कौलांसारखे बसवलेले सूक्ष्म खवले होत. त्यांत विष नाही. डोळ्यांत गेले तर धूळ गेल्यावर खुपते तसे खुपेल आणि पाण्याने धुऊन जाईल. तो चावू शकत नाही, कारण तोंड नाही, आणि त्याला नांगीही नाही. त्याच्याजवळ आहे ते सोंग. त्याला डिवचले, तर तो जमिनीवर पडून पंख सावकाश वरखाली करतो आणि पंखांच्या टोकांवरची सापाची डोकी हलल्यासारखी दिसतात. खरे रासायनिक हत्यार त्याच्याकडे बालपणी असते, कारण या जातीचा सुरवंट डिवचल्यावर अंगातून उग्र वासाचा द्राव सोडतो. कोषातून निघताना तो ते हत्यार मागेच ठेवतो.

रात्रीच्या शत्रूपुढे मात्र सापाचे सोंग उपयोगी नाही. आपल्या भीमगड अभयारण्यातील बारापेडे गुहांमध्ये 1913 साली शास्त्राला प्रथम कळलेले राऊटनचे वटवाघूळ राहते आणि तालुक्यात कीटक खाणारी वटवाघळे अनेक जातींची आहेत. ती आवाजाच्या प्रतिध्वनीवरून शिकार करतात, त्यांना रंग दिसला काय आणि न दिसला काय. चांद्र पतंगाच्या एका अमेरिकन भावंडावर केलेले प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत लांब शेपट्या शाबूत असलेल्या पतंगांपैकी सुमारे 35 टक्के वटवाघळांच्या हाती लागले आणि शेपट्या काढलेल्यांपैकी सुमारे 81 टक्के. उडताना पीळ खाणारी शेपटी प्रतिध्वनीला भुलवते आणि वटवाघळाचा तोंडघास शरीराऐवजी शेपटीवर पडतो. ॲटलास पतंगाला शेपटी नाही, पण त्याच्या पुढच्या पंखांची वळलेली, घडीदार टोके हेच काम करतात, असे 2021 मधील संशोधनातून पुढे आले आहे. म्हणजे आपल्याला सापाचे डोके वाटणारे ते टोक वटवाघळाला वेगळ्याच प्रकारे फसवते. फाटक्या टोकांचे पतंग मी पुष्कळ पाहिले आहेत. पूर्वी ते मला जीर्ण वाटत, आता ते बचावलेले वाटतात.

‘ताकदवान कोण’ यावर मुले दोघांची झुंज लावण्याचा आग्रह धरतील. ती लावू नये आणि तिच्यातून काही कळणारही नाही, कारण एक झाडावर आणि हवेत राहतो, तर दुसरा पाचोळ्यात. मात्र या दोन घराण्यांची गाठ पडते, ती पतंग सुरवंट किंवा कोशावस्थेत असताना. कॅलोसोमा या प्रजातीतील भुंगेरे सुरवंटांवरच गुजराण करतात. अमेरिकेत 1860 च्या दशकाच्या अखेरीस एका हौशी अभ्यासकाने युरोपातून आणलेला एक पतंग घरातून निसटला आणि पुढे त्याच्या सुरवंटांनी तेथील जंगलेच्या जंगले निष्पर्ण केली. त्यावर उपाय म्हणून 1905 पासून युरोपातून कॅलोसोमाची एक जात तिथे नेऊन सोडली गेली. हिरव्या झळाळीचा हा भुंगेरा झाडावर चढून सुरवंट खातो. त्याची अळीसुद्धा झाडावर चढते. आपला सहा ठिपक्यांचा भुंगेरा झाडावर चढणारा नाही. पतंग आयुष्य संपून जमिनीवर पडला, तर मुंग्यांच्या आधी तो पोहोचला तरच काय तो त्याचा वाटा.

माझ्या मते तक्त्यात आणखी एक ओळ असावी, ती म्हणजे कोण आपल्या रानाबद्दल काय सांगतो. पतंग उडत येतो, म्हणून तो पडवीत सापडला याचा अर्थ जवळपास त्याच्या सुरवंटाची झाडे आहेत, एवढाच होतो. भुंगेरा चालत येतो. न उडणारा हा जीव ज्या लाकडांखाली सापडला, त्याच परिसरात तो वाढला असणार, आणि तिथला पालापाचोळा, ओल व खाद्य शाबूत आहे याची तो साक्ष देतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाचोळा पेटवला जातो किंवा वणवा लागतो, तेव्हा पतंग कोषात फांदीवर असतो. वणवा खालून सरकला, तर तो वाचू शकतो. पाचोळ्यात आणि वरच्या मातीत राहणाऱ्या भुंगेऱ्याला मात्र निसटता येत नाही, आणि जळालेल्या पट्ट्यात पलीकडून उडून येऊन पुन्हा वसती करणेही त्याला जमत नाही. जाळलेल्या आणि न जाळलेल्या काजूबागा मी शेजारी शेजारी पाहिल्या आहेत. पहिल्या पावसानंतरच्या रात्रीत त्यांतील फरक बॅटरीच्या उजेडात उघड दिसतो. शाळेच्या आवारातील पाचोळा जाळण्याऐवजी कुंपणालगत ढीग करून ठेवलात, तर पुढच्या वर्षी भुंगेरे शोधायला लाकडे हलवावी लागणार नाहीत.

मुलांना मोजणी करायची असेल, तर शाळेच्या आवारात काठ जमिनीशी समपातळीत येईल असे प्लॅस्टिकचे पेले पुरावेत, वर दगडांवर कौल टेकवून पावसापासून आडोसा करावा, सकाळी मोठ्या माणसाने पेले तपासावेत आणि नोंद करून सगळे जीव जिथल्या तिथे सोडावेत. भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झाले आहे आणि त्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय पेला पुरणे किंवा कीटक उचलणे चालत नाही, याची कृपया काळजी घ्यावी.

शेवटची बाब पडवीतील ट्यूबलाइटची. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले, की उडणारे कीटक दिव्याकडे ओढले जातात असे म्हणणे नेमके नाही. रात्री उजेड वरून म्हणजे आकाशातून येतो या सवयीने ते पाठ उजेडाकडे वळवतात आणि दिवा बाजूला असल्यामुळे त्याच्याभोवती गिरक्या घेत अडकतात. ज्याच्याजवळ मोजकी शिदोरी आहे, त्या पतंगासाठी अशी एक रात्र म्हणजे आयुष्याचा मोठा तुकडा. शाळा सुटल्यावर तो दिवा बंद ठेवता आला, तर उत्तम. तरीही सकाळी पतंग भिंतीवर बसलेला सापडला, तर पंख धरू नयेत. त्याच्या पुढच्या पायांसमोर एक काडी धरली, की तो तिच्यावर चढतो, मग काडी सावलीतील झाडावर टेकवावी. मादी असेल, तर तिने भिंतीवर तांबूस तपकिरी अंडी घातली आहेत का, ते पाहावे. अंडी असल्यास ती कागदाच्या कडेने हलकेच सोडवून डबीत ठेवावीत. आठ ते चौदा दिवसांत काळपट सुरवंट निघतील, तेव्हा त्यांना शाळेच्या पेरूच्या झाडाची कोवळी पाने द्यावीत. एकदा पेरू दिला, की शेवटपर्यंत पेरूच द्यावा, कारण सुरवातीला चाखलेले झाड बदलले, तर ते बहुधा खात नाहीत. पहिली कात टाकल्यावर त्यांना त्याच झाडावर मोकळे सोडावे आणि दसऱ्याच्या सुटीच्या सुमारास मुलांना त्या झाडावर, देठाला रेशमाने बांधलेले एखादे वाळके पान लोंबते आहे का, ते पाहायला सांगावे.